मृमृ, मर्मर, मरवर

परभाषेतल्या अल्बमचं नाव देवनागरीत लिहिलं तरी ते परकंच दिसतं. 'थ्रिलर' लिहा, 'नेव्हरमाइंड' लिहा. अक्षरं आपली, शब्द पाहुणा. 'मर्मर'चं तसं होत नाही. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात अथेन्स नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथल्या आर.ई.एम. या बँडचा पहिला स्टुडिओ अल्बम १२ एप्रिल १९८३ रोजी बाजारात आला, त्याचं हे नाव. इंग्रजी शब्द देवनागरीत उतरवला की तो आयताच संस्कृत शब्द होऊन बसतो. तीच अक्षरं, तोच रफार, आणि अर्थसुद्धा अगदी शेजारचा. या बँडचं नावही ज्याने ऐकलेलं नाही, अशा मराठी वाचकाला हे शीर्षक वाचून पानांची सळसळ आठवेल. अल्बमच्या वेष्टनावर छायाचित्रही आहे ते वेलींनी गिळलेल्या एका रानाचंच.

मग हा योगायोग म्हणायचा की नातं? या प्रश्नाचं उत्तर वाटतं तितकं सरळ नाही.

आधी नाव पडलं कसं ते पाहू. गायक मायकेल स्टाइपने दिलेलं कारण असं, की इंग्रजीत उच्चारायला सगळ्यात सोपे जे सहा शब्द, त्यांतला हा एक. अशी यादी कुणी केली, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी कारण पटण्यासारखं आहे. ओठ मिटले की म, उघडून जीभ जराशी आक्रसली की र. तेच पुन्हा एकदा केलं की शब्द पुरा. बँडचं स्वतःचं नावही असंच पडलं होतं. स्टाइपने शब्दकोश उघडला आणि बोट ठेवलं ते 'आर.ई.एम.'वर. झोपेत मिटल्या पापण्यांआड डोळ्यांची जी भराभर हालचाल होते, तिचं हे वैद्यकीय लघुरूप. ॲझेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ साली शिकागोतून प्रसिद्ध केलेल्या संशोधनानंतर ते रूढ झालं. म्हणजे दोन्ही नावं अर्थाकडे बघून ठेवलेली नाहीत. एक हाताला लागलं म्हणून, दुसरं ओठांना सोपं म्हणून.

हे सांगायचं कारण असं, की या अल्बममधलं गाणंही त्याच चालीचं आहे. स्टाइप गातो, सुरात गातो, जीव ओतून गातो, पण काय गातो ते कळत नाही. इंग्रजी ज्यांची मायबोली त्यांनाही कळलं नाही. अल्बमसोबत गाण्यांचे शब्द छापून दिले नव्हते, त्यामुळे ऐकणारे आपापल्या परीने शब्द लावत बसले. पहिलंच गाणं 'रेडिओ फ्री युरोप'. हे नाव एका खऱ्याखुऱ्या नभोवाणी केंद्राचं. शीतयुद्धाच्या काळात पूर्व युरोपातल्या श्रोत्यांपर्यंत बातम्या पोचवणं हे त्या केंद्राचं काम. आणि त्याच्या नावाच्या गाण्यातला एक शब्द धड पोचत नाही! हे गाणं १९८१ साली एका छोट्या कंपनीने सुटं काढलं होतं, तेव्हा स्टाइपचे शब्दही पुरते लिहून झालेले नव्हते. अस्पष्टपणा ठरवून ठेवलेला होता.

अल्बम मुद्रित होण्याआधीचा एक प्रसंग शब्दचर्चेलाही उपयोगी आहे. आय.आर.एस. या कंपनीने आधी स्टीफन हेग या निर्मात्याकडे काम सोपवून पाहिलं. त्याला तांत्रिक काटेकोरपणा हवा होता. 'कॅटपल्ट' या एकाच गाण्यावर त्याने इतके टेक घ्यायला लावले की ड्रमवादक बिल बेरी हैराण झाला, आणि वर बँडला न विचारता त्यात कळफलकाचे सूर घालून टाकले. बँडमधल्या चौघांनी कंपनीला सांगितलं, निर्माता म्हणून आम्हाला मिच ईस्टर हवा. कंपनीने चाचणी म्हणून एक गाणं करून दाखवायला सांगितलं. ते 'पिल्ग्रिमेज'. या शब्दाचा उगम लॅटिन 'पेरेग्रीनुस'मध्ये आहे : 'पेर' म्हणजे पार, 'आगेर' म्हणजे शेत. जो शेतांच्या पलीकडून आला तो पेरेग्रीनुस, म्हणजे परका. परक्या मुलखात हिंडणारा तो यात्रेकरू. यातला 'आगेर' आणि वेदांतला मैदान या अर्थाचा 'अज्र' हे एकाच घरातले. त्याच अल्बमचं शेवटचं गाणं 'वेस्ट ऑफ द फील्ड्स', शेतांच्या पश्चिमेला. हे जुळवून आणलेलं नसावं, पण जुळलंय छान. चाचणी पास झाली. मिच ईस्टर आणि डॉन डिक्सन या जोडीने नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात, रिफ्लेक्शन साउंड स्टुडिओत, १९८३च्या जानेवारी-फेब्रुवारीत अल्बम पुरा केला. गिटारची लांबलचक एकल फिरत नको, सिंथेसायझर नको, ही बँडची अट. पीटर बकची गिटार म्हणूनच इथे तारा छेडून सुटे सुटे स्वर सांडत राहते, आणि माइक मिल्सची बास गिटार खालून चालीला चाल जोडते. गायकाचा आवाज वाद्यांच्या पुढे न ठेवता वाद्यांमध्ये ठेवला. स्टाइप गायला तोही समोर उभा राहून नाही. जिन्याच्या अंधाऱ्या आडोशाला जाऊन.

आपल्याकडे अशा उच्चाराला जुनं नाव आहे. जपाचे तीन प्रकार सांगतात : वाचिक, उपांशु आणि मानस. उपांशु म्हणजे ओठ हलतात, आवाजाची चाहूल लागते, पण शेजाऱ्याला शब्द कळत नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात या उपांशु जपाला विधियज्ञाच्या शंभरपट मोल दिलं आहे आणि मनातल्या जपाला हजारपट. मुखर उच्चार त्या मानाने खालच्या पायरीवर. स्टाइपच्या गाण्याला मी जप म्हणणार नाही, तितकी भक्ती माझ्यात नाही आणि बहुधा त्याच्यातही नव्हती. पण 'स्पष्ट बोल' हाच एक गुण मानणाऱ्यांनी आपल्याच ख्यालगायकीकडे जरा बघावं. बंदिशीचे शब्द आपल्याला किती कळतात, आणि न कळल्याने किती बिघडतं? तराण्यात तर कळण्यासारखं काही ठेवलेलंच नसतं.

आता शब्दाकडे. संस्कृतात मर्मर हा माणसाच्या तोंडचा आवाज नाहीच. अमरकोश आवाजांची वाटणी मोठ्या काटेकोरपणे करतो. दागिन्यांचा आवाज तो शिंजित. कपड्यांचा आणि पानांचा तो मर्मर. सोनं किणकिणतं आणि रेशीम सळसळतं, हा फरक कोशकाराने नोंदवून ठेवला आहे. कालिदासाने तो पाळला. 'कुमारसंभवा'च्या तिसऱ्या सर्गात अवेळी वसंत अवतरतो, मदाने धुंद झालेली हरणं वाऱ्यासमोर धावतात आणि रानभर गळलेली पानं मर्मरतात. 'रघुवंशा'च्या सहाव्या सर्गात इंदुमतीच्या स्वयंवराच्या वेळी कलिंगाच्या राजाची ओळख करून देताना तिची प्रतिहारी सुनंदा त्याच्या समुद्रकाठच्या ताडवनांची लालूच दाखवते, तिथेही मर्मर आहे. ताडाच्या पानांचा आवाज ज्याने ऐकला आहे त्याला कळेल की हा शब्द कोवळा नाही. वाळलेला, करकरीत, कडेला खरखर असलेला आवाज तो. मराठीने पुढे हे काम 'सळसळ'कडे सोपवलं आणि मर्मर फक्त कवितेपुरता, 'पर्णमर्मर' अशा जोडशब्दांत, उरला.

ग्रीकांकडे याच जातीचं क्रियापद होतं, 'मॉर्म्यूरो'. 'इलियड'मध्ये ते पाण्याला लागतं : फेसाळत, घोंगावत येणाऱ्या नदीला. लॅटिनमध्ये 'मुर्मुर' आणखी मोठा झाला. मधमाश्यांचा गुंजारव मुर्मुर, गर्दीचा गलका मुर्मुर, समुद्राची गाज मुर्मुर, आणि आकाशातला गडगडाटही मुर्मुर. व्हर्जिलच्या 'एनीड'च्या चौथ्या सर्गात शिकारीला निघालेल्या डायडो आणि एनीअसवर वादळ कोसळतं आणि दोघं गुहेत आसरा घेतात. त्या वादळाआधी आभाळ ज्या आवाजाने भरून जातं त्याला कवीने हाच शब्द वापरला आहे. पानाच्या खरखरीपासून ढगांच्या गर्जनेपर्यंत दोन अक्षरांची ही मजल.

फ्रेंचमधून हा शब्द चौदाव्या शतकात इंग्रजीत आला तो मात्र तक्रार घेऊन. मर्मर म्हणजे धुसफूस, वरिष्ठांविरुद्ध दबक्या आवाजातली नाराजी. इजिप्तमधून सुटलेले इस्राएली लोक रानात उपाशी राहिल्यावर मोशेविरुद्ध जे करतात, त्याला इंग्रजी बायबलात हेच क्रियापद आहे. मराठी बायबलाने तिथे 'कुरकुर' लिहिलं. मला हा पर्याय फार आवडतो. अनुवादकाने कोशातला भारदस्त शब्द शोधला नाही; मराठी माणूस उपाशीपोटी जो आवाज काढतो तो लिहिला, आणि नकळत मूळ शब्दाची घडणही राखली. मर्मर जसा दुहेरी, तशी कुरकुरही दुहेरी. पुढे इंग्रजीत या शब्दाने बस्तान वाढवलं. मैनांच्या जातीच्या पक्ष्यांच्या थव्याला १४८६ सालच्या एका इंग्रजी ग्रंथात याच शब्दापासून केलेलं समूहनाम मिळालं, हजारो पंखांच्या आवाजावरून. आपल्याकडे हिवाळ्यात ज्वारीवर उतरणाऱ्या भोरड्या त्याच गोतातल्या. हृदयाची झडप नीट मिटत नसली की स्टेथोस्कोपमधून जो फुसफुसता आवाज येतो तोही मर्मर. आपले डॉक्टर 'हार्टमध्ये मर्मर आहे' असं सांगतात तेव्हा ते इंग्रजी बोलत असतात. ऐकणाऱ्या आजोबांनी तो संस्कृत मानला तरी कुणाचं काही बिघडत नाही.

तर मग हे सगळे मर्मर एकाच पूर्वजाचे वंशज की प्रत्येक भाषेने आपापल्या कानाने घडवलेले? व्युत्पत्तिकारांचं नेहमीचं हत्यार असतं ध्वनिबदलाचे नियम. संस्कृत 'मातृ' आणि इंग्रजी 'मदर' यांचं नातं सिद्ध होतं ते मधल्या 'त'मुळे, कारण जर्मानिक भाषांत 'त' ठरावीक रीतीने बदलतो आणि 'भ्रातृ'-'ब्रदर'मध्येही तो बदललेला सापडतो. म आणि र मात्र दोन्हीकडे जागच्या जागी राहतात. आणि आपल्या शब्दात म आणि र याखेरीज काही नाहीच! बदलणारा एकही ध्वनी नसल्यामुळे नियमाला पकडायला काही उरत नाही. वंशावळीत तो बसतो, पण वंशावळ नसती तरी तो असाच दिसला असता. काही विद्वान त्याला मूळ इंडो-युरोपीय शब्द मानून टाकतात, काही तो अनुकरणवाचक म्हणून बाजूला ठेवतात. मला विचाराल तर दोन्ही बाजू एकाच वेळी खऱ्या असायला हरकत नाही. शब्द वारशाने आला असेल, पण प्रत्येक पिढीने तो पुन्हा कानाने तपासून घेतला.

याला पुरावा आहे, आणि तो मिळतो दगडात. संगमरवर हा आपला शब्द फारसीतून आला : 'संग' म्हणजे दगड, 'मर्मर' म्हणजे तो विशिष्ट पांढरा दगड. म्हणजे फारसीत दगडाचंही नाव मर्मर. हा वेगळा शब्द आहे. ग्रीक 'मार्मारोस', लॅटिन 'मार्मोर' या दगडवाचक शब्दांच्या कुळातला. पानांच्या आवाजाशी त्याचं देणंघेणं नाही. रूप मात्र हुबेहूब तेच. आणि बघा काय झालं : मराठीच्या तोंडी दगडातल्या मर्मरचा 'मरवर' झाला. लागोपाठ तेच ते ध्वनी आले की जीभ अडखळते आणि त्यांतला एखादा बदलून टाकते. फ्रेंचांनी त्याच दगडाचं 'मार्ब्र' केलं, इंग्रजांनी 'मार्बल'. इंग्रजीत तर ही खोडच दिसते. लॅटिन 'पुर्पुरा'चा पर्पल झाला, होल्याचं लॅटिन नाव 'तुर्तुर' त्याचा टर्टल झाला, मार्मोरचा मार्बल. प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या र चा ल. त्याच न्यायाने मुर्मुरचा 'मर्मल' व्हायला हवा होता. जर्मनमध्ये झालाही तसा, तिथे 'मुर्मेल्न' म्हणतात. इंग्रजीने आणि संस्कृतने तो होऊ दिला नाही. दगड, रंग, पक्षी ही बाहेरच्या वस्तूंची नावं. ती नदीतल्या गोट्यासारखी झिजली तरी वस्तूकडे बोट दाखवण्याचं काम अडत नाही. आवाजाचं नाव झिजलं तर आवाजच बदलतो. 'तुर्तुर' हाही मुळात होल्याच्या घुमण्याचा आवाज होता, पण तो पक्ष्याचं नाव होऊन बसला, लोक आवाज विसरले, आणि मग जिभेला मोकळं रान मिळालं.

'मर्म'शी या शब्दाचा संबंध जोडायचा मोह मराठी माणसाला हमखास होतो. तो टाळावा. मर्म हे जिथे घाव बसला तर मरण ओढवतं ते ठिकाण. त्याचं मूळ 'मृ' म्हणजे मरणे या धातूकडे नेतात. मर्मरात मर्म नाही.

उच्चाराचीही एक गंमत राहिली. आपण 'मर्मर' लिहितो तेव्हा म नंतर अ आहे असं धरतो. बहुतेक अमेरिकी माणसं तो अ उच्चारतच नाहीत. ओठ सुटताच त्यांची जीभ सरळ र च्या ठिकाणी जाते आणि तिथेच रेंगाळते. र हाच त्या अक्षराचा स्वर होतो. र ला स्वर करणारा हा ध्वनी आपल्या वर्णमालेत केव्हाचा बसला आहे, 'ऋ' म्हणून. आपण मराठीत त्याचा 'रु' करून टाकला आणि उत्तरेत 'रि', पण प्राचीन व्याकरणकारांना अभिप्रेत असलेला ऋ हा असाच र चा स्वर. तेव्हा अमेरिकी उच्चार इमानाने लिहायचा तर 'मृमृ' लिहावं लागेल. वैदिक पाठशाळेत जो स्वर आता शोधावा लागतो, तो अमेरिकेतलं कुठलंही पोर सहज काढतं.

यापेक्षा जवळचा दुवा ध्वनिशास्त्रात आहे. घ, झ, ढ, ध, भ हे आपले ध्वनी पाश्चात्त्य अभ्यासकांना फार दिवस छळत होते. ब आणि ह एकामागून एक उच्चारले म्हणजे भ होत नाही. भ उच्चारताना स्वरतंतू कंप पावतात, पण पुरते मिटत नाहीत. फटीतून हवा निसटत राहते, आणि आवाज श्वासात भिजून येतो. पीटर लॅडफोगेड यांच्यासारख्या ध्वनिशास्त्रज्ञांनी या प्रकाराला पारिभाषिक नाव दिलं ते हेच, मर्मर. मराठी त्यातही पुढे. आपण नुसत्या घ-भ वर थांबत नाही. म, न, ल, र, व यांनाही तसं भिजवतो. म्हैस, म्हण, न्हावी, कोल्हा, गुऱ्हाळ, कुऱ्हाड, व्हावं. जगातल्या फार थोड्या भाषांत हे ध्वनी असे सुटे अर्थ बदलण्याचं काम करतात. शास्त्राच्या काटेकोर अर्थाने पाहिलं तर कोल्हापूरच्या गुऱ्हाळावर उभा राहून बोलणारा माणूस दर वाक्याला मर्मरत असतो. स्टाइपच्या आवाजातलाही एक थर असाच आहे. त्याच्या खालच्या पट्टीतल्या सुरांत श्वास मिसळलेला ऐकू येतो.

वेष्टनावरच्या वेलीचं नाव कुडझू. जपानी 'कुझू'. १८७६ साली फिलाडेल्फियात अमेरिकेच्या शताब्दीचं प्रदर्शन भरलं, तिथे जपानच्या दालनात ती शोभेची म्हणून आली. १९३०नंतरच्या काळात जमिनीची धूप थांबवायला सरकारनेच शेतकऱ्यांना पैसे देऊन ती लावायला सांगितली. नंतर तिने दक्षिणेकडची शेतं, झाडं, विजेचे खांब, रिकामी घरं सगळं पांघरून टाकलं आणि लोक तिला दक्षिण खाणारी वेल म्हणू लागले. कोकणात जी बाहेरून आली आणि जंगल मोडत सुटली तिला आपण 'रानमोडी' म्हटलं. लोकांच्या नामकरणाला देश नसतो. वनस्पतिशास्त्रात कुडझूच्या प्रजातीचं नाव प्युरारिया, पुरारी नावाच्या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञावरून. आयुर्वेदातला विदारीकंद ज्या वेलीच्या मुळाशी लागतो तीही प्युरारियाच. अल्बमच्या वेष्टनाच्या मागच्या बाजूला अथेन्समधल्या एका जुन्या लाकडी रेल्वेपुलाचं छायाचित्र आहे. तो पाडायचा घाट घातला गेला तेव्हा गाववाले आणि बँडचे चाहते आडवे आले. पुलाला सगळे 'मर्मर'चाच पूल म्हणत.

सुरुवातीला मी 'पहिला स्टुडिओ अल्बम' असं लिहिलं. या तीन शब्दांपैकी 'पहिला' हा सर्वांत निसरडा. १९८१चं सुटं गाणं पहिलं नव्हे का? ऑगस्ट १९८२मध्ये आलेली 'क्रॉनिक टाउन' ही पाच गाण्यांची तबकडी पहिली नव्हे का? पण ती अल्बमहून आखूड, म्हणून मोजणीत नाही. अल्बम म्हणजे लॅटिनमध्ये पांढरं. रोमचा न्यायाधिकारी आपली फर्मानं ज्या चुना फासलेल्या फळ्यावर लिही, तो अल्बम. सोळाव्या शतकात जर्मन विद्यार्थी मित्रांच्या सह्या आणि शुभेच्छा गोळा करायला कोऱ्या वह्या बाळगू लागले, त्यांना हे नाव मिळालं. मग त्यांत फोटो आले. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूला तीन-चार मिनिटांचंच गाणं मावे, म्हणून लांब रचनेच्या चार-सहा तबकड्या फोटोंच्या वहीसारख्या बांधून विकल्या जाऊ लागल्या, आणि त्या गठ्ठ्याला लोक अल्बम म्हणू लागले. त्या तबकड्या लाखेच्या. त्यांच्या इंग्रजी नावातला, शेलॅकमधला, 'लॅक' म्हणजे आपलीच लाख, संस्कृत 'लाक्षा'. कौरवांनी जिचं घर बांधलं तीच. पळसावरच्या आणि कुसुंबावरच्या किड्यांची ही लाख मुख्यतः भारतातून जगभर जाई. १९४८ साली कोलंबिया कंपनीने दीर्घ वाजणारी व्हिनाइलची तबकडी आणली, सहा तबकड्यांचं काम एकीत भागलं, तरी अल्बम हा शब्द गेला नाही. पांढरा फळाही गेला, वहीही गेली.

'स्टुडिओ'त लॅटिन 'स्तुदिउम' म्हणजे निष्ठेने केलेला अभ्यास आहे, एवढं सांगून पुढे जाऊ. अशा संगीताला पुढे मिळालेल्या 'अल्टरनेटिव्ह' या नावाविषयी मात्र दोन शब्द. लॅटिन 'आल्तेर' म्हणजे दोहोंपैकी दुसरा. त्यातला 'तेर' हा 'इतर', 'अन्यतर'मधल्या 'तर' प्रत्ययाचाच भाऊ. दुसरा म्हटलं की पहिला आलाच. १९८३ साली पहिला कोण, हे सांगायची गरज नव्हती. मायकेल जॅक्सनचा 'थ्रिलर' घरोघरी वाजत होता. 'मर्मर' बिलबोर्डच्या यादीत ३६व्या क्रमांकापर्यंत चढला. पण 'रोलिंग स्टोन' नियतकालिकाने वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून 'थ्रिलर' बाजूला ठेवून 'मर्मर'ची निवड केली. तेव्हा या संगीताला अल्टरनेटिव्ह म्हणायची पद्धतही पडली नव्हती. कॉलेजांच्या नभोवाणी केंद्रांवर वाजतं म्हणून त्याला कॉलेज रॉक म्हणत.

पहिल्या अल्बमला इंग्रजीत 'देब्यू' म्हणतात, आणि मराठी वार्ताहर 'पदार्पण'. आपला शब्द पावलाचा आहे : पाय ठेवणं. क्रिकेटपटूने पदार्पणात शतक ठोकलं असं आपण लिहितो तेव्हा पाय मैदानावर असतो. तमिळचा 'अरंगेत्रम'ही पायाचाच, रंगमंचावर चढणं. फ्रेंच शब्द मात्र हाताचा आहे. त्यात 'ब्यू' म्हणजे लक्ष्य, निशाण. 'देब्यूते' म्हणजे खेळाची सुरुवात करणारा पहिला टोला मारणं. आधी गोळे टाकायच्या खेळात, नंतर बिलियर्डमध्ये.

'मर्मर'मधलं अकरावं गाणं 'वी वॉक'. साधं, उड्या मारत चालणारं गाणं, आणि मागे मधूनमधून ढगांचा गडगडाट. हा गडगडाट आभाळातला नाही. पूल या बिलियर्डसारख्या खेळाच्या टेबलावरचे चेंडू एकमेकांवर आपटतानाचा आवाज मुद्रित करून त्याची गती मंदावली, आणि तो गाण्याखाली घातला. व्हर्जिलच्या अर्थाचा मुर्मुर या अल्बममध्ये असा आला, बिलियर्डच्या टोल्यातून.